टाचण्यांची डबी

सूनबाई,

एकोणसत्तर साली माझा जबडा पहिल्यांदा अडकला, तसाच आता तुझा अडकतोय. गरम पाण्यातून पिळलेला टॉवेल दहा मिनिटं कानाखाली धर, मऊ खा, जांभई देताना हनुवटीला हाताचा टेकू दे. आणि टाचण्या दातांत धरणं सोड. मीही शिवताना धरायचे. तोंडात टाचण्या असल्या की सासूबाईंना नि ह्यांना उत्तर द्यावं लागत नसे. काल तर शिवणही नव्हतं, तरी माझा लेक ओरडायला लागताच तू चार टाचण्या तोंडात धरल्यास.

डबी घेऊन मी बहिणीकडे चाललेय, परवा येईन. तो ओरडला तर उत्तर दे. सासूबाई गेल्या, हेही गेले. माझं उत्तर द्यायचं राहिलं, नि जबडा अजून अडकतो.

आई