एडनची यादी

सांडोर, वसई
रविवार, ३ नोव्हेंबर २०२४

ती. सदानंददादास,
हंसाचे कृ. सा. न. वि. वि.

आज भाऊबीज म्हणून लिहितेय असं समजू नकोस. छप्पन्न भाऊबिजा गेल्या, सत्तावन्नावीही गेली असती. अडलंय म्हणून लिहितेय.

पत्ता तुझ्या सुनेनं दिला. विनिता वसईच्या बाजारात भेटली होती, ओळख तिनंच काढली. गुणी आहे पोर. तुझे कान पार गेले, फोनवर काही कळत नाही, नायगावच्या त्या टॉवरमध्ये अठराव्या मजल्यावर दिवसभर खाडीकडे तोंड करून बसतोस, असं म्हणाली. तुझ्या मुलाच्या, संग्रामच्या मोबाइलवर निरोप धाडला असता तर तुझ्या घरात सगळ्यांनी वाचला असता. म्हणून हे पाकीट.

दादा, फ्रेडरिक जेवत नाही. (नवऱ्याला अरेतुरे करते म्हणून नाक मुरडू नकोस, कुंपणापलीकडचा पोरगा होता तेव्हापासूनची सवय आहे.) दोन वर्षं त्याची आठवण गळतेय. जोनाथनला, पोटच्या पोराला, तुम्ही कुठले म्हणून विचारतो. राहिल्यात त्या फक्त याद्या.

तुला सांगायला नको, तरी सांगते. तुम्ही दोघं बोटीवर होतात, सहासष्ट-सदुसष्ट साली. लंडनच्या बंदरात जागा मिळेपर्यंत बोट नदीच्या तोंडाशी उभी राहायची. तिथून जवळच, सरकारच्या हद्दीबाहेर, भर समुद्रात नांगर टाकलेल्या जहाजावरून एक चोरटं रेडिओ स्टेशन गाणी वाजवायचं. आठवड्याला एकदा यादी: कुठलं गाणं चढलं, कुठलं घसरलं. फ्रेडरिक ऐकून सांगायचा, तू लिहायचास, शेजारी मराठीत अर्थ, आणि तुझ्या पत्रातून ती घरी यायची. पत्र बाबा फोडायचे. तुझं अक्षर बघून यादी माझ्याकडे टाकायचे. बोट स्पेन ओलांडून इकडे आली की स्टेशन लागत नसे, तरी यादी यायचीच. पोर्ट सैदच्या यादीत सातव्या नंबरावर 'तळ्यावर पालक धुणारी मुलगी' होतं. इंग्रजांना सांडोरचं तळं कुठून ठाऊक? अठरा वर्षांची होते, पण एवढी बावळट नव्हते.

लग्नानंतर दर रविवारी चर्चमधून, मिस्साहून आलो की तो यादी सांगायचा, दहापासून एकापर्यंत, खालून वर. आता मी सांगते. एका नंबराला एक चमचा पेज. गणपतीपासून त्याला असा जगवलाय. पण आठ दिवस झाले, पाठ असलेल्या याद्या त्याला नकोत. त्याला एडनची हवी. एडनहून मला यादी कधी आलीच नव्हती. जोनाथननं मोबाइलवरून, बोट एडनला होती त्या आठवड्याची खरी यादी शोधली, गाणी वाजवली. ह्यानं पेज थुंकून टाकली.

तुझ्याकडे काळ्या पुठ्ठ्याची वही होती, तीत सगळ्या याद्या असायच्या. पोस्टानं पाठव. जोनाथन नेतो म्हणाला, मी नको म्हटलं. आई गेली तेव्हा फ्रेडरिक फुलं घेऊन आपल्या कुंपणाबाहेर दोन तास उभा होता आणि तू त्याला पाणीसुद्धा विचारलं नाहीस. माझ्या पोराला तसं उभं केलेलं मला सोसायचं नाही.

राग ठेव, यादी दे, एवढंच मागणं.

तू मान अथवा न मान, तुझी धाकटी बहीण
हंसा


नायगाव
७ नोव्हेंबर २०२४

सौ. हंसा फ्रेडरिक यांस,
स. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. आपल्या यजमानांच्या प्रकृतीविषयी वाचून वाईट वाटले. सांडोरचे घर विकून इकडे आलो तेव्हा जुने कागद रद्दीत गेले, त्यात ती वहीही गेली. ऐंशी वर्षांच्या माणसाला सत्तावन्न वर्षांपूर्वीची गाणी आठवत नसतात.

रुग्णालयात नळीने अन्न देतात, तसे करावे. अशा बाबतीत घरगुती उपायांवर विसंबू नये.

जुन्या गोष्टी आपण काढल्यात म्हणून लिहितो. आपण घर सोडलेत तेव्हा बाबांनी मला समईवर हात ठेवायला लावून विचारले होते. मला यातले काही ठाऊक नव्हते, असे मी सांगितले. त्यात आज बदल नाही.

येथील सर्व क्षेम. कळावे.

सदानंद

ता. क. पेजेत मीठ जरा जास्त घालून पाहावे. त्याला अळणी चालत नसे.


सांडोर
रविवार, १० नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
हंसाचा नमस्कार.

'सौ. हंसा फ्रेडरिक यांस'! विजेच्या बिलावरही इतका मान मिळत नाही मला. पण ताजा कलम वाचला आणि चुलीपाशी बसून रडले. मीठ जास्त घातलं. अर्धा चमचा गेला.

नळीचा उपाय झाला. सोमवारी दवाखान्यात नेलं, नाकातून नळी घातली. मंगळवारी त्यानं ती उपटली, रक्त आलं. मग त्यांनी हात पलंगाला बांधले. दादा, ट्रम्पेट वाजवणारे हात ते, वसईतल्या निम्म्या लग्नांच्या वराती त्या हातांनी नाचवल्या. मी गाठी सोडल्या आणि त्याला घरी घेऊन आले. जोनाथन माझ्यावर ओरडला, सुनेनं अबोला धरला. त्यांचंही चुकत नाही. वजन अडतीस किलो आलंय.

मी तुझ्या देवाला बोलले, त्याच्या देवाला बोलले. परवा खोटी यादी रचली, एडनची म्हणून सांगितली. तीन नंबर ऐकले आणि माझ्याकडे असं बघितलं, जसा घरात चोर शिरलाय. सगळं विसरला, पण हे खोटं आहे हे त्याला कळतं. मी कुणाकडे जाऊ सांग. त्या बोटीवर तुम्ही दोघंच होतात.

वही रद्दीत गेली तर गेली. आठव. खाडीकडे बघत बसतोस ना, मग बघता बघता आठव. मी पाया पडते, दादा. समईवर हात ठेवून तू जे बोललास त्याचा मला राग नाही. फ्रेडरिक नेहमी म्हणायचा, सदाला काय ठाऊक होतं बिचाऱ्याला, आपणच त्याला फसवलं. मी तुला नावं ठेवली की तो जेवणावरून उठायचा.

वाट बघतेय. दुसरं काही करता येत नाही.

तुझी
हंसा


नायगाव
१४ नोव्हेंबर २०२४

हंसास,
आशीर्वाद.

जेवढं आठवलं तेवढं लिहितो. एडनला बोट चार दिवस उभी होती. ट्रान्झिस्टरमधून नुसती खरखर. आम्ही दोघं भटारखान्यात बटाट्यांच्या पोत्यांवर बसून यादी केली.

दहाव्या नंबरावर 'बटाटे सोलून बोटं काळी'. नववं 'कप्तानाची मांजर लंडनलाच राहिली'. आठवं 'केळीच्या घडाखाली उभी राहू नकोस'. सातवं 'एडनचं ऊन, सांडोरची विहीर'. सहावं 'बाबांच्या सायकलची घंटा', हे त्या आठवड्यात नवीन आलेलं. पाचवं 'शनिवारच्या बाजारात तुझी टोपली'. चौथं 'मला पोहता येत नाही, बोट सावकाश ने'. तिसरं तुझं ते पालक धुणारं, पोर्ट सैदला सातवं होतं, चार घरं चढलं. दुसरं 'घरी कुणाला सांगू नकोस'.

एक नंबर आठवत नाही.

आठवं माझं आहे. सहावंही माझंच. लिहिता लिहिता मीही सुचवायचो, हसायचो. म्हणजे मला काहीच ठाऊक नव्हतं असं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. त्यावर पुढे काही विचारू नकोस.

त्याला सावकाश भरव. घाईनं ठसका लागतो.

सदानंद


सांडोर
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
सा. न.

तुझं पत्र शुक्रवारी दुपारी आलं. पेज तयारच होती. बटाट्यांच्या नंबराला तो हसला, दादा, दोन महिन्यांत पहिल्यांदा. मांजर ऐकून मान हलवली. नऊ नंबर, नऊ चमचे, एक थेंब सांडला नाही. जोनाथन दारात उभा राहून बघत होता, डोळे पुसत होता.

मग एक नंबर आला. मला येत नाही म्हटलं. त्यानं तोंड मिटलं ते मिटलंच. मी काहीबाही नाव घेतलं, त्यानं मान फिरवली. आणि स्वच्छ बोलला. एवढं सरळ वाक्य त्याच्या तोंडून मी वर्षभरात ऐकलं नव्हतं. म्हणाला, "एक नंबर सदाला ठावं हाय. तो सांगत नाय."

त्यानंतर काही नाही. कापसाच्या बोळ्यानं पाणी ओठांवर ठेवते, तेही बाहेर येतं. डॉक्टर सकाळी येऊन गेले. तीन दिवस, फार तर चार.

तुला बटाटे आठवतात, मांजर आठवते, कुठलं गाणं किती घरं चढलं ते आठवतं आणि पहिलंच आठवत नाही? दादा, मी तुझी बहीण आहे, मला शेंडी लावू नकोस. शिवी असेल तर शिवी लिही. माझी बदनामी असेल तर ती लिही. शहात्तराव्या वर्षी मला कसली अब्रू? त्याच्या घशाखाली एक घास जाऊ दे. मग आयुष्यभर तोंड दाखवू नकोस, मी पुन्हा काही मागणार नाही.

हे पत्र पोचताच लिही. त्याच दिवशी टाक.

हंसा


नायगाव
गुरुवार, २१ नोव्हेंबर २०२४

चि. हंसूस,
सदादादाचे अ. आ.

तुझं पत्र मंगळवारी सकाळी मिळालं. तेव्हाच लिहून टाकलं असतं तर टपाल उघडं होतं. मी वही मांडीवर घेऊन बसून राहिलो. काल मतदानाची सुट्टी, टपाल बंद, म्हणून मला बरं वाटलं. आज आरशात दाढी करताना स्वतःची किळस आली.

हो, वही आहे. रद्दीत गेली नव्हती. दहा ते दोन नंबर मी वहीतून उतरवले. पहिला समोर दिसत होता.

एडनला दहापासून दोनपर्यंत यादी लिहून झाली. पहिला नंबर काय म्हणून मी विचारलं. फ्रेडरिक माझ्याकडे न बघता म्हणाला, लिही: 'सदा, तुझी बहीण मला दे.' मी हसलो. तो हसला नाही. बाबा काय करतील, गाव काय म्हणेल, पोरांचा देव कुठला, सगळं बोललो आम्ही. तासभर बोललो. मग मी ते नाव लिहिलं आणि त्याच्यापुढे माझ्या हातानं लिहिलं: दिली. खाली सही केली, तारीख घातली. तो रडला. म्हणाला, आता मला कुणाची भीती नाही. बाबा पत्र फोडायचे, म्हणून ती यादी टपालात टाकली नाही.

वर्षभरानं तुम्ही गेलात. बाबांनी समई पुढे केली. बाबांचा चेहरा बघितला आणि मी म्हणालो, मला काही ठाऊक नाही, फ्रेडरिकनं माझा विश्वासघात केला. तो तेव्हा बाबांशी बोलायला एकटाच आला होता, अंगणात उभा होता. त्यानं ऐकलं. वही घरातच आहे हे त्याला ठाऊक होतं. एक शब्द बोलला नाही. त्यानंतर त्याच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही, म्हणून दार लावून घेतलं. आईच्या वेळीही म्हणूनच. ती थट्टा होती, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलो. ती थट्टा नव्हती.

त्याला वाचून दाखव. सदानं सांगितलं म्हण. नाव वाच आणि पुढचा शब्दही वाच.

वही सोबत पाठवतोय. आता ती तुझी. मला काय म्हणायचं ते तू ठरव.

सदादादा


सांडोर
शनिवार, २३ नोव्हेंबर २०२४

दादा,

फ्रेडरिक गुरुवारी दुपारी अडीचला गेला. तुझं पाकीट शुक्रवारी सकाळी अकराला आलं. मंगळवारी टाकलं असतंस तर गुरुवारी सकाळी माझ्या हातात असतं. मी हिशेब पुन्हा पुन्हा केला, तो बदलत नाही.

अंगणात माणसं बसली होती, दफन चारला होतं. पोस्टमननं सही मागितली, मी उभ्या उभ्या केली. मग खोलीचं दार लावून घेतलं आणि त्याच्या कानाशी वाचलं, दहापासून एकापर्यंत, खालून वर. एक नंबर वाचला. 'दिली' वाचलं. तीनदा वाचलं. जोनाथननं दार ठोठावेपर्यंत वाचत होते. त्याचं तोंड मिटलेलंच राहिलं.

छप्पन्न वर्षं एका ताटात जेवलो आम्ही आणि त्यानं मला हे सांगितलं नाही. मला बाबांनी टाकलं, आईला शेवटचं बघू दिलं नाही, गावानं मला पळून गेलेली म्हटलं, आणि मी पळून गेलेली नव्हतेच. मला घरच्या माणसानं दिलं होतं. सहीनिशी. हे तुम्हा दोघांना ठाऊक होतं. एकानं भीतीपोटी लपवलं, दुसऱ्यानं मैत्रीपोटी. मधे मी.

तुला माफ केलं असं आज लिहवत नाही, आणि खोटं मी लिहिणार नाही. तुझ्यावर ओरडावंसं वाटतं आणि तुझ्या गळ्यात पडून रडावंसंही वाटतं. त्याला ओळखणारं आता तुझ्याशिवाय कोण उरलंय?

बुधवारी सातव्या दिवसाची मिस्सा आहे, सकाळी सात वाजता. नंतर सगळे आमच्या अंगणात येतील, अख्खं सांडोर येईल. विनिताला सांग, ती तुला घेऊन येईल. कुणी विचारलं हे कोण, तर मी काही बोलणार नाही. जोनाथनही बोलणार नाही. तू बोलायचंस. सगळ्यांसमोर उभा राहून सांग: मी हिचा सख्खा भाऊ, आणि ही फ्रेडरिकला मीच दिली.

मग घरात ये.

हंसा