नॉर्मल अ‍ॅड्रिनलचा उत्तम नमुना

गुरुवार, १२ तारीख. सकाळी ९.१५
आजपासून रोज लिहायचं. साखर बंद. चिडणं बंद. उद्या बारा वाजता हॉस्पिटलच्या सगळ्या डॉक्टरांसमोर माझं लेक्चर: 'सीटी स्कॅनमध्ये अ‍ॅड्रिनल ग्रंथी कशा पाहाव्यात'. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या दोन इवल्या ग्रंथी, त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. रेडिओलॉजिस्ट म्हणून वीस वर्षं स्कॅन वाचतोय, माझ्या नजरेतून एक सुटलेली नाही. स्लाइड अजून एकही तयार नाही. अनुभवी माणसाला तयारी लागत नाही.

११.४०
वहिनी थोरल्या दादाला घेऊन आल्या. तीन दिवस ताप, पोटात दुखतंय. सवयीप्रमाणे अंगावर काढलं. सीटी मी स्वतः उभं राहून करून घेतला. टेक्निशियन म्हणाला, साहेब, यांचे हात गार पडलेत. म्हटलं, एसी कोणी वाढवलाय?

पित्ताशयाला सूज. बाकी काही नाही. अ‍ॅड्रिनल मात्र काय सुंदर आल्यात. पांढऱ्याशुभ्र, शेजारच्या मोठ्या शिरेपेक्षाही उजळ. ती शीर जरा चपटी वाटली, पण दादा मुळातच सडपातळ. लेक्चरची पहिली स्लाइड मिळाली: 'नॉर्मल अ‍ॅड्रिनल, उत्तम नमुना'.

१.०५
सर्जन म्हणत होता, दादाला एक दिवस आयसीयूत ठेवू. मी साफ नाही म्हटलं. आयसीयूच्या डॉक्टरबाई म्हणजे धोक्याची घंटा, पेशंट शिंकला तरी नळ्या घालतात. ते बघून वहिनींनी हातपाय गाळले असते. स्कॅन मी बघितलाय, जबाबदारी माझी, असं ठणकावल्यावर सर्जनने साध्या खोलीच्या कागदावर सही केली. चार नंबरच्या खोलीला चांगली खिडकी आहे.

५.३०
सिस्टरचा फोन. प्रेशर नव्वद. म्हटलं, आमच्या घराण्यातच प्रेशर कमी, डोकी थंड. पुन्हा फोन, दुपारपासून लघवी नाही. पाणी पीत नसणार, लहानपणापासून तसाच. मग वहिनींचा फोन, हे मला ओळखेनात. दादा पहिल्यापासून थट्टेखोर. वर जाऊन येणार होतो, पण स्लाइडचे रंग जुळत नव्हते. चहात दोन चमचे साखर घेतली. उद्यापासून बंद.

शुक्रवार, १३ तारीख. सकाळी ८.२०
दादाला बघून आलो. झोपला होता, श्वास जोरात. उठवलं नाही, विश्रांती हवी त्याला. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. होईल बरा, म्हटलं. खरं सांगायचं तर त्याच्या पायांचा रंग मला आवडला नाही. पण पायांचा रंग हा माझा विषय नाही.

१.१०
पहिल्याच स्लाइडला मागच्या रांगेतून धोक्याची घंटा उभी राहिली. विचारलं, हा पेशंट जिवंत आहे का? कोणी हसलं नाही म्हणून मीच हसलो. म्हटलं, माझा भाऊ आहे, चार नंबरच्या खोलीत. त्या म्हणाल्या, अ‍ॅड्रिनल इतक्या उजळल्या म्हणजे शरीर शॉकमध्ये चाललंय, प्रेशर टिकवायला शेवटचा जोर लावतंय, शीर रिकामी झालीय म्हणून चपटी दिसतेय. स्कॅन कधीचा? कालचा, म्हटलं. पुढचं ऐकायला त्या थांबल्या नाहीत. जिन्यावर धावल्याचा आवाज आला.

मी उरलेल्या अकरा स्लाइड दाखवल्या. भीती वाटली. मध्येच थांबलो असतो तर त्यांचं खरं ठरलं असतं.

३.४५
आयसीयूबाहेरचा बाक. वहिनींनी विचारलं, भाऊजी, स्कॅन तुम्हीच बघितला होता ना? मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, मग मी घाबरत नाही.

४.२०
डॉक्टरबाई बाहेर आल्या. मी उठून उभा राहिलो. आम्ही दोघं डॉक्टर, बाजूला जाऊन बोलू, असं वाटलं होतं. त्या मला ओलांडून गेल्या आणि वहिनींजवळ बसल्या.