मी पुसलेला दिनविशेष

बाई, आज सकाळी चहा व्हायच्या आत माझ्या मोबाईलवर दिनविशेषाचे नऊ मेसेज येऊन पडले. सगळे एकाच साच्याचे, वर गुलाबाचं फूल आणि खाली आजच्या तारखेला जन्मलेल्या, मेलेल्या, गादीवर बसलेल्या माणसांची यादी. पाठवणाऱ्यांपैकी एकानेही ती वाचलेली नसते. तुमच्यासारखीच मीही आता शिक्षिका आहे, परिपाठात रोज हेच वाचून घ्यावं लागतं, आणि पंधरा दिवसांपासून मला त्या शब्दाचीच शिसारी आली आहे. उच्चारला की तोंड कडू होतं. हे ज्यांना सांगावं अशा तुम्ही एकट्याच होतात, आणि तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली.

आपली शाळा एटापल्लीहून बरीच आत, नाल्यापलीकडच्या गावात. तुम्ही नागभीडकडच्या, धानाच्या बांध्यांत, भाताच्या शेतांत वाढलेल्या. आमच्या जंगलाला पहिल्या वर्षी घाबरायच्या आणि ते लपवायच्याही नाहीत. फळ्यावर दिनविशेष तुम्ही लिहायच्या, मोठ्याने वाचायचं काम माझं. ‘घशातून नको, पोटातून काढ आवाज,’ असं शिकवून शिकवून तुम्ही माझा आवाज घडवला. आमचं गावात किराण्याचं दुकान होतं, मी वर्गाची मॉनिटर होते, आणि कोणी साहेब आला की न अडखळता बोलणारी मी एकटीच. एक दिवस माझं वाचून झाल्यावर दुसऱ्या बसकरपट्टीवरून एका मुलीने विचारलं, ‘बाई, आपल्या गावात कधी काईच नाई झालं काय?’ ती शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशीची पोर. आम्ही सगळे खो खो हसलो. तुम्ही मात्र हातातला खडू खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिलात.

त्या दिवसापासून शाळा सुटली की तुम्ही घरोघर जाऊन म्हाताऱ्यांजवळ बसायला लागलात. तारीख कोणाला ठाऊक नसायची. मोहफुलं पडायचे दिवस होते की धान कापणीचे, बाजाराच्या आदल्या दिवशी की नंतर, असं विचारत विचारत तुम्ही तारखेपर्यंत पोहोचायच्या. मग फळ्यावर राजामहाराजांच्या खाली एक ओळ जास्तीची यायला लागली. आजच्या दिवशी आपल्या गावात पहिला हातपंप बसला. आजच्या दिवशी वाघाने कोतवालाचा गोऱ्हा ओढत नेला आणि बायकांनी डबे वाजवून तो सोडवला. अशा ओळी वाचताना माझा आवाज खरोखर पोटातून निघायचा, कारण ज्यांच्याबद्दल वाचायची ती माणसं खिडकीशी येऊन ऐकत उभी असायची.

मावशी माडिया आदिवासी घरातली, मराठी मोजकंच बोलायची. शाळेमागच्या बांबूच्या तट्ट्यांच्या खोपटात तीन दगडांची तिची चूल. भांड्याच्या बुडाला लागलेली खरवड ती माझ्यासाठी काढून ठेवायची, स्वतःच्या पोरीसाठी नाही, कारण तिची पोर तिखट खात नाही असं ती म्हणायची. हे खोटं होतं, मला पुढे कळलं. सरपण पुरवायचं काम शाळेचं होतं आणि कागदोपत्री ते येतही होतं. खरं तर मावशीच रोज सकाळी जंगलात जाऊन काड्या आणायची. त्या श्रावणातल्या सकाळी ती भारा घेऊन आली, भारा उतरवला, चूल पेटवली, आधण ठेवलं, आणि मग तुमच्याकडे येऊन म्हणाली, ‘बाई, पायाले काई तरी चावलं.’ तुम्ही लुगडं वर करून बघितलं तर घोट्यापासून पाय काळानिळा सुजलेला. आधी चूल पेटवली होती तिने, बाई. आम्ही उपाशी राहू नये म्हणून.

तिला खाटेवर घालून चार गडी नाल्याकडे निघाले. मागे तुम्ही, तुमच्या मागे आम्ही. नाला दोन्ही काठ भरून वाहतो आहे. पलीकडे जीप उभी आहे, तिचा ड्रायव्हर हात हलवतो आहे, तो दिसतो पण ऐकू येत नाही. गडी छातीभर पाण्यात उतरतात आणि माघारी येतात, पुन्हा उतरतात, पुन्हा येतात. तुम्ही मावशीचं डोकं मांडीवर घेऊन चिखलात बसला आहात आणि तिच्याशी सारखं बोलता आहात, ‘झोपू नको, माह्याकडे पाह्य, झोपू नको.’ दुपार व्हायच्या आत ती याच काठावर गेली. तिची पोर खाटेचा पाय धरून उभी होती. रडली नाही.

पुढच्या वर्षी त्याच तारखेला तुम्ही फळ्यावर लिहिलंत: ‘आजच्या दिवशी आपल्या शाळेतल्या मावशी शाळेसाठी सरपण आणताना साप चावून, नाल्याला पूर असल्याने, दवाखान्याविना वारल्या.’ वर तिचं पूर्ण नाव. मी वाचायला उठणार तेवढ्यात तपासणीचे साहेब आले. बूट न काढता ते फळ्यापर्यंत गेले, वाचलं, आणि त्यांचं तोंड वाकडं झालं.

‘हा दिनविशेष आहे?’

‘हो सर. आजच्याच तारखेले झालं.’

‘शाळेसाठी सरपण आणताना, हे काऊन लिहिलं? उद्या कोणी फोटो काढून नेला तर? पुसा.’

‘मी लिहिलं, मी नाई पुसणार,’ तुम्ही म्हणालात. ‘तुमाले पुसाचं असन तर डस्टर तिथं आहे.’

साहेबांनी वर्गाकडे वळून विचारलं, ‘मॉनिटर कोण?’ मी उठले, डस्टर घेतलं आणि वरून खाली पुसत गेले. नाव सगळ्यात आधी गेलं. साहेबांनी पाठीवर थोपटून म्हटलं, ‘शाब्बास.’ तो हात अजून पाठीवर असल्यासारखा वाटतो, ओला, जड. ते गेल्यावर तुम्ही मला ओरडलासुद्धा नाहीत. एवढंच म्हणालात, ‘त्यानं तुले पुस म्हणलंच नव्हतं. मॉनिटर कोण, एवढंच इचारलं होतं. तू आपल्या मनानं उठली.’ महिनाभरात तुमची बदली माजरीकडे झाली, कोळशाच्या धुळीत. निरोपाच्या दिवशी मी तापाचं निमित्त करून घरी राहिले.

आता पंधरा दिवसांपूर्वीचं सांगते. नाल्यावर पूल झाला, बाई. उद्घाटनासाठी मोठ्या पुढाऱ्यांचा वाढदिवस निवडला, आणि तो नेमका मावशीचा दिवस. सूत्रसंचालन माझ्याकडे, कारण तालुक्यात माझ्यासारखा आवाज नाही असं सगळे म्हणतात. पुलाच्या तोंडाशी मंडप, फुग्यांची कमान, झेंडूच्या माळा, आणि ज्या काठावर तुम्ही चिखलात बसला होतात तिथे टेबलावर पुलाच्याच आकाराचा केक. पुढाऱ्यांनी केक कापला, त्यांच्या माणसांनी तो एकमेकांच्या तोंडात कोंबला, कोणाच्या तरी मिशीला लागलेलं क्रीम तिसऱ्यानेच बोटाने पुसून चाटली.  मी माईकवर खणखणीत आवाजात वाचत होते, ‘आजचा दिनविशेष, आपल्या लाडक्या नेत्यांचा जन्मदिवस.’

आभार मानायला मावशीच्या पोरीला बोलावलं होतं, ती गावातल्या बचत गटाची अध्यक्ष आहे. स्टेजवर येताना ती माझ्याजवळ थांबून हळूच म्हणाली, ‘आज माह्या मायचा दिवस हाये. तुले याद हाये नं?’ मी म्हटलं, ‘कार्यक्रम होऊ दे, मग बोलू.’ तिने माईक घेतला. कागद उघडलाच नाही.

‘पूल झाला, बरं झालं. साहेबाचे आभार. आजच्या तारखेलेच माही माय या काठावर मेली. शाळेची खिचडी शिजवाले काड्या आणाले गेली होती. जीप तिकडं उभी होती, आमी इकडं. एवढंच सांगाचं होतं.’

 पुढाऱ्यांच्या शेजारच्या माणसाने माझ्याकडे बघून नुसत्या भुवया उडवल्या.  आणि मी, बाई, मी माईक ओढून घेतला आणि म्हटलं, ‘जोरदार टाळ्या!’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशीच्या मरणावर टाळ्या. पुढाऱ्यांनीही वाजवल्या, चिकट हातांनी, हसत हसत. मंडपामागे जाऊन मी ओकले. केकचा एक घासही खाल्ला नव्हता.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. तिने पाट दिला, कोरा चहा दिला.  मग तिने विचारलं, ‘टाळ्या काऊन वाजवाले लावल्या?’  मी रडायला लागले तर ती म्हणाली, ‘रडू नको. मले राग नाई. तुले तशी सवयच हाये.’ एखाद्याला दमा आहे म्हणावं तितक्या साधेपणाने म्हणाली. शिवी दिली असती तर मी घरी येऊन जेवले असते.

दुसऱ्या दिवशी गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र देऊन आले की यापुढे कोणत्याही कार्यक्रमाचं सूत्रसंचालन मी करणार नाही. त्यांना वाटलं, मानधनाची अडचण आहे. मी तसंच वाटू दिलं. हा घाबरटपणा कुठपर्यंत मुरला आहे याचाच मला वीट आला आहे, त्या केकपेक्षा, त्या मिशीवरल्या क्रीमपेक्षा जास्त.

हे सगळं लिहिलं, पण पाठवणार कुठे? माजरीच्या तुमच्या त्या क्वार्टरमध्ये आता दुसरं कोणी राहत असेल. आणखी एक राहिलं आहे. तुम्ही चंद्रपूरच्या दवाखान्यात होतात तेव्हा तुमच्या भावाचा फोन आला होता, तुम्ही माझी आठवण काढता म्हणून. मी कळवलं की नवी नोकरी आहे, रजा मिळत नाही. मी रजा मागितलीच नव्हती, बाई.