प्रमुख पाहुण्यांचा परिचय

रविवार, नेपरव्हिल

सुटलो एकदाचा! इथल्या मराठी मंडळाच्या क्रीडादिनाला माझ्या मुलीचे, ईराचे, फुटबॉलमधल्या गोलकीपिंगचे कोच, मिलान, प्रमुख पाहुणे होते. परिचय करून देताना मी ‘सर्बियाच्या राष्ट्रीय संघाचे माजी गोलरक्षक’ म्हणून गेलो, आणि खुर्चीत बसल्यावर चरकलो. ते फक्त क्लबकडून खेळले, तेही बहुतेक वर्षं राखीव. का बोललो असं? शाल-श्रीफळ द्यायचं म्हटलं की साधा माणूस आपल्याला पुरत नाही का? आता त्यांनी ईराला शिकवणं सोडलं तर?

शाल सावरत ते उठले. “राष्ट्रीय संघ मी टीव्हीवर पाहिला. क्लबचा बेंच मात्र उत्तम राखला!” सगळे हसले. मी नाही.

पार्किंगमध्ये माफी मागितली. “मंगळवारी ईराला वेळेवर आण,” ते म्हणाले. “आणि त्या परिचयाचा व्हिडिओ पाठव. माझी आई गावभर अजून हेच सांगते.”