ताईच्या वर्गावर बदली

सोमवार, ८ सप्टेंबर

करायला नको ते आज केलं. मागच्या भिंतीवरून उडी मारून शाळेत शिरलो आणि ताईच्याच वर्गावर बदली शिक्षक म्हणून उभा राहिलो! ताई तेव्हा पुढच्या फाटकापाशी घोषणा देत होती. संपाचा सतरावा दिवस. एका खोलीत अठ्ठावन्न पोरं कोंबू नका, दोन तुकड्या करा, रिकाम्या जागा भरा — एवढंच मागणं. आणि संप फोडायला गेला कोण? सख्खा भाऊ.

शिक्षण खात्याच्या ऑफिसला बदलीवर बारावी पास कोणीही चालत होता. मी दुसऱ्या झटक्यात पास. म्हटलं, चार दिवस मजा येईल. वर्ग कोणता ते आत गेल्यावर कळलं.

पोरांनी लगेच ओळखलं. "तुम्ही बाईंचे भाऊ ना? डबा द्यायला येता ते?" म्हटलं, गप्प बसलात तर शेवटचा तास मैदानावर. पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची पोरगी म्हणाली, "लिहून द्या."

हिचं नाव मी हेडमास्तरीण ठेवलं.

मंगळवार, ९

अपूर्णांक शिकवले. मला स्वतःला आजच कळले!

बुधवार, १०

खडू मोडून मोडून अर्धा, पाऊण चाललं होतं, पोरं ओरडत होती, तेवढ्यात ऑफिसचे साहेब तपासणीला. वाटलं, मेलो. तर ते खूश. "बघा, संपानं काही अडत नाही. शुक्रवारी मोठ्या साहेबांना दाखवतो, पेपरवाल्यांनाही. मग संपवाल्यांना नोटिसा — हजर व्हा, नाहीतर कायमचं घरी बसा."

घरी ताई जेवताना म्हणाली, "एक वर्ग म्हणे बदली मास्तरावर झकास चाललाय. त्याच्या जोरावर आम्हाला काढणार. कोण गाढव आहे कुणास ठाऊक." माझा घास घशात अडकला. आईने पाठीत दोन रट्टे घातले. दोन्ही हक्काचे होते.

गुरुवार, ११

तालीम केली. साहेब विचारतील ते सगळं चुकवायचं. पोरं जाम खूश. "अर्धा अधिक अर्धा?" — "सर, सत्तावीस." एकटी हेडमास्तरीण अडून बसली. "मी चुकीचं उत्तर देणार नाही."

"मग तू नुसती बस, बाई माझे."

शुक्रवार, १२

काय पोरं आहेत! मोठ्या साहेबांनी अर्धा अधिक अर्धा विचारलं. एक म्हणतो पावणेदहा. दुसरा विचारतो, "अर्धा म्हणजे काय असतं?" शेवटच्या बाकाला दोनचा पाढा येईना. मी तोंड पाडून उभा, हसू आवरता आवरेना.

मग मोठे साहेब वळले. "तीन आठवड्यांच्या संपात कोणी एवढं विसरत नाही. यांच्या मूळच्या बाई कोण? ही त्यांची कामगिरी. पहिली नोटीस त्यांना." आणि वहीत ताईचं नाव लिहून घेतलं.

माझाच डाव ताईवर उलटला!

हेडमास्तरीण उठली. फळ्यावर जाऊन साहेबांचीच तीन गणितं फटाफट सोडवली. मग मागून आणखी पाच-सहा जण उठले. सगळ्यांची बरोबर.

"मग मघाशी काय झालं होतं?" साहेब.

"आम्हीपण संपावर आहोत," ती म्हणाली. "दोन महिन्यांत माझी वही दोनदाच तपासून झालीय. अठ्ठावन्न वह्या आहेत, बाई तरी काय करतील?"

पेपरवाल्याचं पेन थांबेना. हे मी शिकवलं नव्हतं. आईशप्पथ.

रविवार, १४

संप मिटला! "आम्हीपण संपावर" — पहिल्या पानावर. दोन तुकड्या मंजूर, जागा भरणार, नोटिसा रद्द. ताईचा आवाज पार बसलाय, तरी घरभर नाचतेय. "पोरांनी जिंकलं रे," म्हणाली आणि मलाच मिठी मारली. मी खांबासारखा उभा.

मंगळवार, १६

ऑफिसचं पत्र आलं, माझ्या नावाचं. भरती होईपर्यंत दुसऱ्या तुकडीवर मी. उद्यापासून, ताईच्या शेजारच्या खोलीत. फाडणार होतो, हात चालला नाही. आज ती घरी आली की सगळं सांगणार आहे — मग घरात ठेवो नाहीतर हाकलो. तोवर डायरी, तू तोंड उघडू नकोस, पाया पडतो. आणि मला जायचंय, मनापासून जायचंय, हे तर कुणालाच सांगू नकोस.