नाचणीच्या चिकाचा हलवा

आई, हलवा जमला. नाचणीचा. थाळीत थापला, गार झाला, सुरी फिरवली आणि वडी कडेने सुटून हातात आली, एवढं आधी सांगून टाकते. बाकीचं सावकाश. तुला जाऊन बावीस वर्षं झाली, आता घाई कोणाला आहे? मी हल्ली बदलापूरला, बेलवलीत असते. घरात सातजण: सासूबाई, आम्ही दोघं, दीर-जाऊ, त्यांचा मुलगा आणि माझी नऊ वर्षांची लेक. सकाळी पाच डबे निघतात आणि ओट्याशी एकमेकींच्या कोपराला कोपर लागतं. मटण आमच्याकडे शिजत नाही. आपली बेने इस्रायली माणसं बरीचशी तिकडे इस्रायलला गेली, आपल्या धर्माच्या रीतीने, कोशर, कापून देणारं इथे जवळपास कोणी उरलं नाही. सुरुवातीला शुक्रवारी संध्याकाळी, शब्बाथच्या जेवणाला, चुकल्यासारखं वाटायचं. आता वालाच्या बिरड्यावर अशा उड्या पडतात की मला वाढून घ्यायला उरत नाही.

अंबरनाथच्या फॅक्टरी-क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर मला अजून डोळे मिटून चालता येईल. पेसाहच्या आधीचा आठवडा आहे. सणाचे आठ दिवस घरात खमीर नको, पावाचा कण नको, म्हणून तू घर उलटं करून झटकते आहेस. रोजची भांडी बांधून माळ्यावर गेली, सणाची खाली आली. परातीच्या दुमडलेल्या कडेतून तू काडी फिरवतेस, डब्यांच्या झाकणांच्या आट्या दात घासायच्या जुन्या ब्रशने घासतेस. आणि मी मूर्ख, शेजारणीने दिलेलं बिस्कीट फ्रॉकच्या खिशात घालून आत येते. तू मला दंडाला धरून बाहेर जिन्यात उभं केलंस, खिसा उलटा केलास, त्याची शिवण पिनेने उकरलीस. "अगं काही नाहीये त्यात, मी खाल्लं सगळं," मी रडत म्हणाले. "दिसत नाही म्हणजे नाही, असं नसतं," तू म्हणालीस. तो फ्रॉक धुतल्याशिवाय तू मला घरात घेतलं नाहीस. खालची मुलं बघत होती आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग सण यायचा आणि आपण आठ दिवस बिनखमिराची भाकरी खायचो. पीठ भिजवून फुगायच्या आत भाजलेली, पण पीठ गव्हाचंच. तिसऱ्या दिवशी तू अंथरूण धरायचीस. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, चेहरा पांढरा. घर आवरून दमली, असं सगळे म्हणायचे. उल्हासनगरची आत्या सणाला यायची, ती तर तोंडावर म्हणायची, "आमच्या वहिनीला कामच सोसत नाही." एका वर्षी, मी अकरावीत होते, आत्यासमोर तुला म्हणाले, "आई, दर पेसाहला तुझं हेच असतं. आता नाटक पुरे." तू उठलीस आणि भाताचं आधण ठेवलंस. भात तुला चालायचा, तांदळाची भाकरी चालायची, हे तुला कळलं होतं का गं? आपल्या ज्यू नव्या वर्षाला चिकाचा हलवाही तूच करायचीस. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, गाळायचे, खाली बसलेला पांढरा चीक नारळाच्या दुधात घोटायचा. दोन तास उलथनं हातात असायचं, पण चाटून बघितलंस असं एकदाही आठवत नाही. "मला गोड सोसत नाही," म्हणायचीस. शिरखुर्मा शेजारून आला की मात्र शेवया सोडून त्यातले काजू वेचून खायचीस, ते मी बघितलेलं आहे.

माझी लेक तीन वर्षांची झाली तरी दोन वर्षांच्या मुलीचे कपडे तिला सैल व्हायचे. हातपाय काड्या, पोट पुढे, सारखी कुरकुर. पेसाह आला तेव्हा मला वाटलं, चला, आता आठ दिवस पाव नाही, बिस्किटं नाहीत, पोरीच्या पोटाला विसावा मिळेल. खमीर नाही म्हणजे भाकरी हलकी, एवढी माझी अक्कल. दुधात कुस्करून तिन्ही त्रिकाळ भरवली. पाचव्या दिवशी ती उभी राहीना. तिला खांद्यावर टाकून उल्हासनगरला नेलं. तिथल्या सिंधी डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं, पुढच्या तपासण्या केल्या आणि मला समोर बसवून म्हणाल्या, "बेटा, गेहूँ बंद. मैदा, रवा, जौ, सब बंद. थोडासा भी नहीं, एक कण पण नाही चालणार. हमेशा के लिए." मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कोणाला असं होतं का. मी म्हटलं, नाही. जिना उतरता उतरता मधल्या पायरीवर तू आठवलीस आणि मी तिथेच बसले. एक बाई मला ओलांडून वर गेली.

एक कण पण नाही. दुसरी आई हे ऐकून गांगरली असती. मी घरी आले, पदर खोचला आणि जावेला म्हटलं, "माळ्यावरची भांडी काढ." सासूबाई म्हणाल्या, "अगं, पेसाह आत्ताच झाला ना?" मी म्हटलं, "मम्मी, आता बारा महिने पेसाह." परातीच्या कडेतून काडी फिरवली. झाकणांच्या आट्या ब्रशने घासल्या. पोळपाट-लाटणं शेजारी देऊन टाकलं. चक्कीवाल्याकडे आपली ज्वारी गव्हाच्या मागोमाग दळली जाते हे लक्षात आलं तेव्हा घरघंटी आणली. तरी पोरीचं पोट मधूनच दुखे. दोन महिने शोध शोध शोधलं, तर चोर हिंगाच्या डबीत! डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं, हिंगात गव्हाचं पीठ मिसळलंय म्हणून. सासूबाईंनी डबी खिडकीतून भिरकावली आणि वर म्हणाल्या, "बघा, फोडणीत बसला होता मेला." त्या दिवसापासून त्या माझ्या बाजूच्या झाल्या. शुक्रवारच्या आशीर्वादाला भाकरी गव्हाची लागते असा त्यांचा हट्ट होता, तोही सुटला. सिनेगॉगमध्ये प्रार्थना म्हणणाऱ्या हज्जानना विचारलं, ते म्हणाले ओट्सच्या भाकरीवर हामोत्सी, भाकरीचा आशीर्वाद, म्हणता येतो. गव्हाचा संसर्ग नसलेले ओट्स मिळतात, डॉक्टरबाईंनी हो म्हटलं. आता माझा नवरा एकच भाकरी मोडतो, मिठाला लावतो आणि सातही हातांत तुकडा ठेवतो. पोरगी अशी वाढली आहे आई, की मागच्या दिवाळीत घेतलेली सलवार घोट्याच्या वर गेली.

राहिला होता हलवा. नव्या वर्षाला गव्हाचा चीक नाही तर वर्ष कसलं, असं सगळ्यांचंच. इतकी वर्षं, त्या एका दिवसापुरता, गव्हाचा हलवा तयार होऊन जावेच्या माहेराहून यायचा, आणि माझ्या लेकीला कोपऱ्यात वेगळ्या ताटात बर्फी. गेल्या वर्षी तिने विचारलं, "सगळ्यांचं एक आणि माझं वेगळं. मी पाहुणी आहे का?" मी मनात ठरवलं, पुढच्या वर्षी या घरात एकच थाळी. तांदळाचं पीठ घेऊन बघितलं, खळ झाली. मक्याचं घेतलं, ते थाळीत थरथरत बसलं. मग नाचणी भिजवली, वाटली, धोतराच्या फडक्यातून तीनदा गाळली, रात्रभर ठेवली, आणि सकाळी वरचं पाणी ओतलं तर खाली चीक! मऊ, गुळगुळीत, बोट घातलं की खड्डा पडणारा. गव्हाच्या चिकासारखाच, फक्त रंगाने सावळा. नारळाचं दूध, साखर, वेलची, दोन तास उलथनं. दंड भरून आला तेव्हा गोळ्याने कढईची कड सोडली आणि मी ओट्याशी एकटीच ओरडले.

संध्याकाळी आत्या आली. आता ऐंशीच्या पुढची आहे, उल्हासनगरहून नातवाने रिक्षाने आणली. सफरचंद-मध झाला, मनुकांच्या सरबतावर किद्दुशची प्रार्थना झाली. मी थाळी मधोमध ठेवली. एकच. आत्याने वडी उचलली, उजेडाला धरली. "काळा कसा गं झाला? करपवलास?" मी म्हटलं, "आत्या, खाऊन बघा." ती कवळीने सावकाश चावत राहिली. लेक माझ्याकडे बघत होती, तिची वडी हातातच होती. "गव्हाचा नाही हा," आत्या म्हणाली. "नाही. नाचणीचा." पुन्हा चावणं. मग तिने थाळीकडे हात नेला, दुसरी वडी घेतली, आणि माझ्या लेकीला म्हणाली, "खा गं, थांबलीस कशाला?" मग कोणाकडेच न बघता म्हणाली, "वहिनीला चालला असता हा. बिचारीने आयुष्यभर आम्हाला घोटून घातला." माझ्या लेकीने चार वड्या खाल्ल्या. हात थाळीत, सगळ्यांच्या हातांत मिसळलेला. कोणाची वडी कुठली, सांगता आलं नसतं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून खरं लिहायला हरकत नाही. आत्याचं ते बोलणं ऐकून मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मला जिंकल्यासारखं वाटलं. ऐंशी वर्षांच्या म्हातारीवर जिंकायचं काय, पण मी तिला आग्रह करकरून तिसरी वाढली आणि ती संपेपर्यंत समोरून हलले नाही. आज दुपारी डबे घासून झाल्यावर हा कागद घेतला तो तुझी क्षमा मागायला, अकरावीतल्या त्या ‘नाटक’ शब्दाची. आणि बघ ना, चार पानं भरली, नुसती मिरवतेच आहे.