फुलसिंगचे यंदाचे साल

मी, घनश्याम वामनराव ढोले, वय वर्षे सदुसष्ट, धंदा शेती, पूर्वी सेवा सहकारी सोसायटीचा गटसचिव, राहणार बोरी अरब, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या घरच्या ओसरीत बसून लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही, कोणी लाडीगोडी लावलेली नाही, आणि चहाखेरीज कसली नशा केलेली नाही. डोके ठिकाणावर असल्याबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांचे मत वेगळे पडले, ते जोडलेले नाही.

या गावातल्या निम्म्या घरांची मृत्युपत्रे आणि वाटणीपत्रे मी लिहून दिली. माझे अक्षर चांगले, आणि समोरच्याच्या तोंडून नाव निघत नसले तरी मनात कोण आहे ते मला लगेच कळे. स्वतःचे लिहायला बसलो की मात्र तिसऱ्या कलमाशी हात थांबे आणि मी कागद घडी करून ठेवून देई. यंदाच्या पाडव्यानंतर तसे करण्याची सोय उरलेली नाही.

कलम १. माझी मिळकत अशी. वाटणीत मला आलेले नाल्याकाठचे शेत, सातबारा माझ्या एकट्याच्या नावे. गावठाणातले राहते घर, गोठ्यासह, हे वडिलोपार्जित नसून मी बांधलेले आहे. मी म्हणजे काय, ते कलम ४ मध्ये येईल. बँकेतली ठेव, एक बैलजोडी, एक गाय, फवारणीचा पंप आणि किरकोळ सामान.

कलम २. किरकोळ सामानाचा निकाल आधी लावतो.

आई इंदूबाई हिचे पितळी गंगाळ माझी पुतणी सुरभी हिला द्यावे. फवारणीचा पंप पुतण्या पियुष याला द्यावा. तो गेल्या हंगामात न विचारता नेऊन परत आणलेलाच नाही, तेव्हा नुसता कागदोपत्री द्यायचा आहे.

शेताचा उत्तरेकडचा धुरा (बांध) शेजारी फकिरा याने दरसाल नांगरताना एकेक ओळ माझ्याकडे सरकवला. फकिराच या कागदावर साक्षीदार असणार आहे आणि हे त्याच्या कानावर पडणार आहे, म्हणूनच लिहितो. मी मोजणी आणणार होतो. फुलसिंग (त्याच्याविषयी कलम ३) म्हणाला, "जाऊ दे. त्याच्या कपाशीच्या चार पराट्या आपल्या मातीत वाढल्या तं काय बिघडलं?" म्हणून धुरा आज आहे तिथेच राहू द्यावा. धुऱ्यावरची बाभूळ मात्र आमची आहे.

कलम ३. फुलसिंग हरचंद आडे, मूळ राहणार आर्णीजवळचा तांडा, हल्ली राहणार माझे घर, याच्याविषयी.

आमच्याकडे सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीने ठेवलेल्या गड्याचे, साल पाडव्याला संपते आणि पाडव्यालाच नवे धरतात. मालक त्याला कुंकू लावतो, नारळ आणि नवे कपडे देतो, चार माणसांदेखत वर्षाचे बोलणे होते. ज्याला त्या दिवशी कुंकू लागले नाही तो मोकळा झाला, त्याने आपले गाठोडे उचलावे, असा रिवाज आहे. मी तिशीत असताना फुलसिंग आमच्याकडे सालदार म्हणून आला. ते पहिले साल खरे होते. दुसरा पाडवा येईपर्यंत आम्हा दोघांनाही कळले होते की तो आता सालदार नाही आणि मी त्याचा मालक नाही. पण गावात दोन पुरुषांनी एका छपराखाली जन्मभर राहायचे तर लोकांना सांगायला काहीतरी लागते. जे सांगत होतो तेच आम्ही पुढे सांगत राहिलो. दर पाडव्याला मी चार माणसांदेखत त्याला कुंकू लावले. लोकांना साल धरलेले दिसे. आम्हाला त्यात आणखी काही दिसे, आणि तो दिवसभर नवा सदरा घालून कामाशिवाय अंगणात फिरत राही.

चारचौघांत तो मला "भाऊ" म्हणतो आणि जोत्याच्या खाली बसतो. दार लावले की "घना" म्हणतो आणि भाजीत मीठ जास्त पडले तर चार शब्द ऐकवतो. दार लावायला मात्र नेहमी मीच उठलो, तो कधी उठला नाही.

आईला सगळे कळत होते असे मला वाटते. फुलसिंग तिला तांड्याच्या बोलीत "याडी", म्हणजे आई, म्हणे. ती त्याचे ताट ओसरीत वाढे, आणि मी आत पाटावर बसलो की म्हणे, "तूबी तिकडंच बस. मले दोनदा उठनं होत नाही." एवढेच ती बोलली आणि एवढ्यावरच तिने आम्हा दोघांना वर्षानुवर्षे शेजारी बसवून जेवू घातले. मला तेवढेही कधी जमले नाही.

तरुणपणी मला माझीच लाज वाटे, आपण असे का म्हणून. ती लाज कधी गेली ते कळले नाही. आता जी लाज वाटते ती वेगळी आहे आणि ती जाण्यासारखी नाही. मी ज्याच्यासोबत संसार केला त्याला मी गावापुढे नोकर म्हणून उभे केले, आणि दरवर्षी नव्याने केले.

सुरभी यवतमाळला प्रयोगशाळेत रक्त तपासण्याचे काम करते. ती आणि अर्पिता तिथे एकत्र राहतात, आणि त्या एकमेकींच्या कोण हे दोघी सरळ सांगतात. गेल्या फेब्रुवारीत त्यांच्यासारख्या लोकांनी कलेक्टर कचेरीपर्यंत मोर्चा काढला. रंगीत पट्ट्यांचे झेंडे, एक ढोल, पन्नास-साठ पोरं-पोरी आणि जवळजवळ तेवढेच पोलीस. सुरभीने फोनवर सांगितले होते, "मोठेबाबा, दवाखान्यात आपल्या माणसासाठी सही करता यावी, तो गेल्यावर त्याच्या घरात राहता यावं, एवढंच मागून राह्यलो आम्ही. तुम्ही दोघं या." मी म्हणालो, तूर काढणीला आली आहे.

तरी आम्ही गेलो. एसटीने. मी रस्त्याच्या पलीकडे टायरच्या दुकानाशी उभा राहिलो. फुलसिंगने थोडा वेळ पाहिले, धोतराचा काष्टा नीट केला आणि जाऊन त्या मोर्चाच्या शेवटी चालू लागला. पिशवी त्याच्याच हातात होती. सुरभीने मला पाहिले आणि हात केला. मी तिला ओरडून सांगितले, "तुरीचा भाव काढाले आलतो." तिने हात खाली केला. कचेरीशी भाषण झाल्यावर फुलसिंग परत आला आणि म्हणाला, "चांगली मानसं हायेत. पानीबी देल्लं." तू काहून नाही आला, असे त्याने विचारले नाही. बसमध्ये त्याने मला खिडकीची जागा दिली.

त्यानंतर पाडवा आला. गुढी उभारून झाली, अंगणात चार माणसे बसलेली, कुंकवाचे ताट आणि नवे कपडे जोत्यावर ठेवलेले. पियुष म्हणाला, "मोठेबाबा, यंदा फुलसिंगकाकाले मोकळं करा. थकला तो आता. तांड्यावर भाच्याईजवळ राहू द्या." पोरगा वाईट नाही. त्याने चांगल्या मनाने म्हटले असेल आणि त्याची या घरावर नजरही असेल; दोन्ही एकाच माणसात असू शकते. सगळे माझ्याकडे पाहू लागले. फुलसिंग जोत्याखाली टोपी हातात घेऊन उभा होता.

मी म्हणालो, "पाहू."

सोसायटीत कोणाचे काम करायचे नसले की मी हाच शब्द वापरीत असे. ताट उचलून मी आत नेऊन ठेवले. मला त्या क्षणाची लाज वाटते, आणि ती या कागदावर राहावी म्हणून लिहीत आहे.

संध्याकाळी गाय पिळून झाल्यावर फुलसिंग म्हणाला, "घना, मले साल नाही भेटलं यंदा. मंग आता मी या घरात कोनाच्या नात्यानं राहून राह्यलो, ते एकदा सांग." मी दुधाचे भांडे उचलून आत गेलो. तो गाव सोडून गेला नाही. त्याने बाज उचलली आणि गोठ्यात टाकली. तेव्हापासून तो तिथे झोपतो. सकाळी चहा आणून देतो आणि दार उघडे असो की लावलेले, मला "भाऊ" म्हणतो.

आमच्यासारख्यांचे राहणे कायद्याने आता गुन्हा नाही, पण लग्नही नाही. म्हणजे मी डोळे मिटले की फुलसिंग माझा कोणीच लागत नाही. माझा धाकटा भाऊ हयात नाही, म्हणून वारस त्याची मुले पियुष आणि सुरभी ठरतात, आणि फुलसिंगला मोकळा झालेला सालदार म्हणून दार दाखवता येते. ते थांबवायला माझ्याजवळ हा कागद आहे, दुसरे काही नाही.

कच्च्या लेखात मी "माझा जुना व विश्वासू सालदार" असे लिहिले होते. तेवढ्यानेही काम भागले असते. घर कोणालाही देता येते. मी ते गोठ्यात जाऊन त्याला वाचून दाखवले. तो दावे वळत होता. म्हणाला, "कागदावर कायबी लिही. मले वाचता येत नाही. पन जे लिहिशीन ते चार मानसाईत बोलून दाखव."

म्हणून लिहितो: फुलसिंग हरचंद आडे हा माझा सालदार, जोडीदार आहे.

कलम ४. राहते घर, गोठा, बैलजोडी, गाय आणि बँकेतली ठेव हे सर्व मी माझ्या मागे फुलसिंग याला पूर्ण मालकीने देतो. घराचा पाया त्याने खोदला, विटा त्याने वाहिल्या आणि सालाचे म्हणून जे मी त्याला लोकांदेखत दिले ते त्याने दार लावल्यावर परत याच घरात घातले. तेव्हा यात मी त्याला काही देत आहे असे कोणी समजू नये.

कलम ५. शेताचे उत्पन्न फुलसिंगने हयातभर खावे, त्याच्यानंतर शेत पियुष आणि सुरभी यांनी निम्मे-निम्मे घ्यावे. पियुषने शेत कसण्यापुरते यावे-जावे, चहा प्यावा आणि फुलसिंगला "मोठेबाबा" म्हणावे. शेवटची अट कोर्टात टिकणार नाही हे मला माहीत आहे. पियुषलाही माहीत असावे म्हणून लिहिली.

कलम ६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी सुरभीने करावी. टायरच्या दुकानाशी मी तुला जे सांगितले ते खोटे होते, पोरी. त्या दिवशी तुरीचा भाव मी काढलाच नाही.

कलम ७. मला अग्नी फुलसिंग देईल. भाऊबंदांपैकी कोणाला ते चालत नसेल तर त्याने घरी थांबावे. फुलसिंग माझ्या आधी गेला तर हा कागद फाडावा, मी दुसरा लिहीन. पण त्याच्या सरणाशी मला कोणी मालक म्हणू नये.

कलम ८. साक्षीदाराने फक्त सही होताना पाहायचे असते, आत काय आहे ते त्याला कळवलेच पाहिजे असे नाही. ही सवलत मी गावातल्या कितीतरी जणांना सांगितली आहे. स्वतः मी ती घेत नाही. हा कागद मी ओसरीत, दार उघडे ठेवून, दोन्ही साक्षीदार, पियुष आणि फुलसिंग यांच्यासमोर मोठ्याने वाचणार आहे. वाचून झाल्यावर फुलसिंगने बाज घरात आणावी. ही विनंती आहे. हुकूम करण्याचा अधिकार मला त्या दुसऱ्या पाडव्यापासूनच नव्हता.

दुरुस्ती: कलम ३ च्या शेवटच्या ओळीतील "सालदार" हा शब्द मी स्वतः खोडला आहे. शेजारचा शब्द कायम आहे. खोडलेल्या जागी माझी सही आहे.

ठिकाण: बोरी अरब
तारीख: ३० एप्रिल २०२५, अक्षय्य तृतीया

(सही) घनश्याम वामनराव ढोले
मृत्युपत्र लिहून ठेवणार

साक्षीदार:

१. (सही) धम्मरत्न गोविंद मेश्राम, सेवानिवृत्त शिक्षक, बोरी अरब

२. (सही) फकिरा संपत कावळे, शेती, बोरी अरब. बाभूळ मान्य.

साक्षीदार क्रमांक १ यांचा शेरा: वरील मृत्युपत्र श्री. घनश्याम ढोले यांनी आमच्यासमोर स्वतः वाचले. कलम ३ च्या शेवटच्या ओळीशी ते थांबले. मी वाचून देतो असे म्हटले, त्यांनी नकार दिला, पाणी प्याले आणि ती ओळ पुन्हा वाचली. श्री. पियुष ढोले वाचन संपेपर्यंत बसून होते. निघताना फवारणीचा पंप उद्या आणून देतो एवढे म्हणाले. श्री. फुलसिंग आडे यांना कागदावर अंगठा द्यायचा होता. ज्याला मिळकत मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असा दंडक असल्याने मी तो घेतला नाही. त्यावर ते आत गेले आणि पाडव्यापासून तसेच ठेवलेले कुंकवाचे ताट घेऊन आले. श्री. ढोले उठून त्यांना कुंकू लावू लागले, तेव्हा श्री. फुलसिंग यांनी त्यांचा हात धरून थांबवला आणि बोट बुडवून आधी श्री. ढोले यांच्या कपाळाला लावले. "यंदाचं साल मी धरतो, घना," असे ते आम्हा सर्वांदेखत म्हणाले. बाज फकिरा यांनी व मी घरात नेऊन ठेवली.

पहिल्या पानावर श्री. ढोले यांच्या नावाजवळ जो लाल डाग पडला आहे तो त्या वेळचा आहे. तो खाडाखोड समजू नये.